वादकांच्या टोप्या

वादकाची टोपी म्हणजे वाजवताना वादकाच्या डोक्यावर जे काय असतं ते, मग ती हॅट असो, बेरे (मऊ, चपटी गोल टोपी) असो, फेटा, पगडी नाहीतर चिकन विकायची बादली (हो, बादलीपण आहे, खाली येईल). मराठीत टोपी घालणे म्हणजे गंडवणे, तो अर्थ इथे धरायचा नाही.

विषय वरवर किरकोळ वाटतो पण त्यात एक मजा आहे. पाश्चात्त्य रीतीप्रमाणे पुरुषाने घरात किंवा हॉलमध्ये शिरलं की हॅट काढायची, डोक्यावर ठेवली तर उद्धटपणा. आपल्याकडे बरोब्बर उलटं, भर सभेत बोडक्या डोक्याने बसणं जुन्या माणसांना अपमान वाटायचा, गवई असो की तबलजी, डोकं झाकूनच बैठकीला बसायचा. म्हणजे स्टेजवर टोपी न काढणारा अमेरिकन वादक थोडी खोडी काढत असतो आणि टोपी घालून बसलेला आपला बुजुर्ग अदब पाळत असतो.

खोडी काढणाऱ्यांमध्ये पहिलं नाव लेस्टर यंगचं (१९०९-१९५९). हा टेनर सॅक्सोफोनवाला, काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये गाजला, गायिका बिली हॉलिडेने त्याला 'प्रेझ' म्हणजे प्रेसिडेंट असं नाव दिलं. सॅक्सोफोन सरळ न धरता तो बाजूला आडवा उचलून वाजवायचा आणि डोक्यावर पोर्क पाय हॅट. या हॅटचा माथा चपटा असतो आणि माथ्याच्या कडेने आतून गोल घडी असते, इंग्रजांच्या डुकराचं मांस भरलेल्या गोल 'पाय' (pie) या पदार्थासारखी दिसते म्हणून हे नाव. लेस्टर ही घडी स्वतः घालायचा, इतकी प्रसिद्ध होती ती की १९४९ मध्ये 'एबनी' मासिकाने पोर्क पाय हॅट कशी करायची हे त्याचे फोटो टाकून छापलं. १५ मार्च १९५९ ला तो न्यूयॉर्कमध्ये वारला आणि त्याच वर्षी जॅझ बासवादक चार्ल्स मिंगसने त्याच्या आठवणीत जी धून रेकॉर्ड केली तिचं नाव ठेवलं 'गुडबाय पोर्क पाय हॅट'. नावात ना लेस्टर, ना सॅक्सोफोन, फक्त हॅट, आणि तरी सगळ्यांना कळलं कोणाबद्दल आहे ते. धून अतिशय संथ आहे, रात्री ऐकावी.

तशी ही हॅट त्याच्या आधी मूकपटातल्या बस्टर कीटनने गाजवली होती. तो वादक नव्हे, पण त्याची कृती इथे सांगायलाच हवी. चांगली फेल्टची हॅट कापून छोटी करायची, मग चहाच्या कपात कोमट पाणी घेऊन त्यात तीन चमचे भरून साखर विरघळवायची, त्या पाकाने काठ ओला करून सपाट करायचा आणि वाळू द्यायचा, की झाला कडक. आपल्याकडे साडीला खळ करतात तसंच की हे, फक्त साखरेचं. मुंग्यांचं काय करत असेल कोण जाणे.

१९४० च्या दशकात बीबॉप ही जॅझची नवी तऱ्हा आली तेव्हा फॅशन फिरली. ट्रम्पेटवाल्या डिझी गिलेस्पीची बेरे, चष्मा आणि हनुवटीखालची छोटी दाढी हा जणू गणवेशच झाला, ज्यांना ट्रम्पेट धरताही येत नव्हतं ती पोरंसुद्धा तसं नटून फिरायला लागली. डिझीने स्वतः दिलेलं कारण मात्र अगदी घरगुती आहे, त्याच्या हॅटी सारख्या हरवायच्या आणि बेरे खिशात कोंबता येते. थेलोनियस मंकची तऱ्हा वेगळी, त्याची एक ठरलेली टोपी नव्हती, बेरेपासून फरच्या टोपीपर्यंत काहीही असायचं, ते घालून तो पियानो वाजवायचा आणि दुसऱ्या कोणाचा सोलो चालू झाला की उठून जागच्या जागी गिरक्या घ्यायचा. २८ फेब्रुवारी १९६४ च्या 'टाइम'च्या मुखपृष्ठावर तो आला तोही टोपीसकट.

जॅझमध्ये टोपीचा अजून एक उपयोग आहे आणि मला वाटतं तोच सगळ्यात भारी आहे. टोपी डोक्यावर न घालता वाद्यावर घालायची. ट्रम्पेट किंवा ट्रॉम्बोनच्या पुढच्या भोंग्यासमोर डर्बी म्हणजे गोल माथ्याची हॅट धरली की आवाजाची धार बोथट होते, स्वर लांबून आल्यासारखा येतो, आणि हॅट पुढेमागे हलवली तर वाद्य वाँव वाँव करत बोलायला लागतं. न्यू ऑर्लिन्सचा किंग ऑलिव्हर असल्या युक्त्यांचा बादशहा, कप, ग्लास, जे हाताला लागेल ते तो वापरायचा. पुढे बिग बँडच्या काळात नोटेशनमध्येच इथून इथपर्यंत हॅटमध्ये वाजवा असं लिहून यायला लागलं आणि मग खास धातूच्या हॅटी निघाल्या ज्या कोणाच्याच डोक्यावर बसत नाहीत, त्या म्यूट म्हणजे आवाज दाबायचं साधन म्हणून स्टँडवर अडकवून ठेवायच्या.

गिटारवाल्यांकडे आलो की स्लॅश. गन्स अँड रोझेस या रॉक बँडच्या या माणसाची काळी उंच टॉप हॅट म्हणजे त्याचा फोटोच, चेहरा केसात आणि हॅटखाली गेलेला. ही हॅट त्याने १९८० च्या दशकात लॉस एंजलिसच्या एका दुकानातून ढापली आणि हॅटभोवतीची चांदीच्या चकत्यांची पट्टीही दुसऱ्या दुकानातून ढापलेला पट्टा कापून केली, हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय. म्हणजे त्याने दुकानदाराला टोपी घातली असं म्हणायला हरकत नाही. स्लॅश १९९६ मध्ये बाहेर पडला आणि २००० मध्ये त्याच बँडमध्ये गिटारवर आला तो बकेटहेड, हा चेहऱ्यावर पांढरा मास्क आणि डोक्यावर केएफसीची उपडी बादली घालून वाजवतो. एकाच बँडला असे दोन कसे मिळाले हा माझा जुना प्रश्न आहे. या दोघांचं एक सारखं आहे, टोपी खाली ओढली की समोरचे हजारो लोक दिसत नाहीत, लाजऱ्या माणसासाठी हा फार मोठा फायदा.

गायक लेनर्ड कोहेन याच्या अगदी उलट. म्हातारपणी २००८ पासूनच्या दौऱ्यांमध्ये तो फेडोरा हॅट घालून गायचा पण साथीदाराचा सोलो आला की हॅट काढून छातीशी धरून उभा राहायचा.

आपल्याकडे या. अल्लादिया खाँसाहेब, अब्दुल करीम खाँसाहेब यांचे जुने फोटो काढून बघा, डोक्यावर पगडी किंवा साफा आहेच. गंधर्व नाटक मंडळीत तबला वाजवलेल्या अहमदजान थिरकवाँच्या डोक्यावर टोपी, बिस्मिल्ला खाँसाहेबांची पांढरी टोपी तर शहनाईइतकीच ओळखीची. पुढच्या पिढीत हे बघता बघता गेलं, भीमसेनजी उघड्या डोक्याने गायले, आणि झाकीरभाईंच्या कुरळ्या केसांवर कुठली टोपी बसणार होती! लोककलेत मात्र टिकलं. वासुदेव मोरपिसांच्या निमुळत्या टोपीशिवाय वासुदेव वाटतच नाही, हातात टाळ-चिपळ्या असल्या तरी लांबून कळतं ते टोपीवरूनच. शाहिरांमध्ये तर दोन पंथांचीच नावं डोक्यावरून आली, शक्तीला थोर मानणारे कलगीवाले, शिवाला मानणारे तुरेवाले, आणि डफावर रात्रभर त्यांचे सवालजवाब.

पुण्यातल्या ढोलताशा पथकात मिरवणुकीच्या दिवशी फेटा असतो, साधारण साडेतीन ते सहा मीटर कापड. मी ढोल वाजवलाय म्हणून सांगतो, बांधणारा सकाळी कितीही आवळून बांधू दे, कमरेला ढोल, हातात टिपरू, प्रत्येक ठोक्याला अंग हलतं आणि तासाभरात फेटा डाव्या कानावर येतो, दोन्ही हात गुंतलेले, सरळ कोण करणार, मग मागचा झांजवाला येऊन पिन मारतो. घामाने पिवळ्या फेट्याचा रंग कपाळावर उतरतो तो दोन दिवस जात नाही. लग्नाच्या ब्रास बँडवाल्यांचे हाल याहून वाईट, मे महिन्यात कडक कापडाची तुरेवाली कॅप. डबल बास म्हणजे उभं मोठं तंतुवाद्य वाजवणाऱ्याची तक्रार वेगळी, हॅटचा काठ वाद्याच्या वरच्या टोकाला आपटतो, आणि गाणाऱ्याचा काठ माइकला.

रस्त्यावर वाजवणाऱ्यांची टोपी डोक्यावर कमी आणि समोर फूटपाथवर उलटी जास्त असते. ती रिकामी ठेवत नाहीत, सुरुवातीला स्वतःचीच चार-दोन नाणी त्यात टाकून ठेवतात, कारण रिकाम्या टोपीत पहिलं नाणं टाकायला कोणी पुढे येत नाही.