अर्ध्या स्टारचं वजन

शनिवार-रविवारी अंबाबाईचं दर्शन घेऊन बाहेर पडलेली बाहेरगावची माणसं पाहा. पूर्वी ती महाद्वार रोडवरच्या फुलवाल्याला नाहीतर रिक्षावाल्याला विचारायची, "मिसळ चांगली कुठं मिळते?" आता हा प्रश्न मोबाइलला विचारला जातो. नकाशावर हॉटेलं उमटतात, प्रत्येकापुढं ४.३, ४.१, ३.८ असे आकडे असतात आणि क्षणात पावलं एका दिशेला वळतात. ३.८ वाल्याचा कट कसा आहे, हे कळायची वेळच येत नाही.

ह्या आकड्यात एवढी ताकद येते कुठून? अर्थशास्त्रज्ञ फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये वस्तूंचे दोन गट पाडले. काहींचा दर्जा विकत घेण्याआधी पाहून कळतो, तर काहींचा वापरल्यावरच. मिसळ, लॉजची खोली, ऑनलाइन मागवलेली चप्पल ही सगळी दुसऱ्या गटातली. पैसे आधी जातात, अनुभव मागून येतो. म्हणून ज्यानं आधी पैसे मोजलेत, त्याचा अनुभव आपण उसना घेतो.

पण स्टार जास्त म्हणून गर्दी होते, की मुळात जेवण चांगलं म्हणून स्टारही जास्त आणि गर्दीही जास्त? हा गुंता सोडवायला संशोधकांनी एक सुरेख वाट शोधली. अमेरिकेतल्या येल्प या संकेतस्थळावर सरासरी जवळच्या अर्ध्या स्टारपर्यंत गोळाबेरीज करून दाखवली जायची. म्हणजे ३.७४ सरासरीचं हॉटेल साडेतीन स्टारचं दिसायचं आणि ३.७६ वालं चार स्टारचं. दोघांच्या जेवणात फरक जवळजवळ नाही, फरक आहे तो फक्त दिसण्यात. मायकेल अँडरसन आणि जेरेमी मॅग्रुडर यांनी सॅन फ्रान्सिस्कोतली अशी सीमेवरची हॉटेलं तपासली. २०१२ साली छापून आलेला निष्कर्ष असा, की अर्धा स्टार जास्त दिसला तर संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी सगळी टेबलं आधीच भरून गेल्याचं प्रमाण १९ टक्केबिंदूंनी वाढतं. स्वयंपाकघरात काहीही न बदलता!

हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी हीच युक्ती सिएटलमध्ये वापरली. एक स्टार वाढला की हॉटेलचं उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना आढळलं. मात्र हा परिणाम स्वतंत्र हॉटेलांपुरताच होता. गावोगावी शाखा असलेल्या साखळी हॉटेलांवर तो दिसला नाही, कारण तिथं काय मिळणार हे लोकांना आधीच ठाऊक असतं.

कोल्हापूरच्या दृष्टीनं मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. इथली मिसळ, तांबडा-पांढरा, चप्पल लाइनमधली दुकानं, देवळाजवळचे लॉज हे बहुतेक एकेका घराचे धंदे आहेत. परगावच्या माणसाला त्यांचं नाव माहीत नसतं, त्यामुळं रिव्ह्यूचा भार त्यांच्यावरच जास्त पडतो. आणि तो सारखा पडत नाही. ज्युडिथ शेव्हालिए आणि दिना मेझलिन यांनी २००६ मध्ये दोन संकेतस्थळांवरच्या पुस्तकविक्रीची तुलना केली, तेव्हा एका स्टारच्या रिव्ह्यूचा फटका पाच स्टारच्या फायद्यापेक्षा मोठा निघाला.

आता हे रिव्ह्यू लिहितं कोण, ते पाहू. ज्याला फार आवडलं तो आणि ज्याचा संताप झाला तो. "ठीक होतं" म्हणणारा सहसा लिहायच्या भानगडीत पडत नाही. म्हणूनच अनेक वस्तूंच्या रिव्ह्यूंचा आलेख काढला तर पाच स्टारवर उंच मनोरा, एका स्टारवर लहान टेकडी आणि मधे दरी दिसते. सरासरी नेमकी त्या दरीच्या आसपास पडते, जिथं लिहिणारी माणसं सगळ्यात कमी.

कोल्हापुरी चप्पल घ्या. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं सुरुवातीला कडक असतं. पहिले काही दिवस अंगठ्यापाशी चावतं, चामड्याचा वास येतो. तेल लावून, वापरून ते हळूहळू पायाच्या आकाराला येतं. पण ॲप मत विचारतं ते चप्पल घरी पोचल्यावर लगेच. मग "टोचते, वास येतो" म्हणून एक स्टार पडतो. उलट रेक्झिनची मऊ नक्कल पहिल्या दिवशी पाच स्टार मिळवून जाते. सहा महिन्यांनी कुठली टिकली, हे सांगायला क्वचितच कुणी परत येतं. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून ह्या चपलेचं भौगोलिक मानांकन मिळालं. ते मिळवून देणारी कारागिरी स्टारांत मोजलीच जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हे चपलेपुरतंही नाही. २०१६ च्या एका अभ्यासात १,२७२ वस्तूंचे ग्राहकांचे स्टार आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांचे गुण ताडून पाहिले, तर दोहोंचा मेळ फारच कमी निघाला.

पहिल्या मताचाही प्रभाव पडतो. बातम्यांच्या एका संकेतस्थळावर संशोधकांनी वाचकांच्या काही प्रतिक्रियांना सुरुवातीलाच एक खोटं अनुकूल मत देऊन ठेवलं. २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या निकालानुसार त्यांचे अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. खोटं प्रतिकूल मत दिलं, तिथं मात्र पुढच्या वाचकांनी ते भरून काढलं. आपण चांगलं म्हणणाऱ्यामागं लवकर जातो.

रिव्ह्यू किती आहेत, हेही पाहायला हवं. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाचा एक जुना नियम इथं कामी येतो. मिळालेल्या मतांत एक चांगलं आणि एक वाईट मत मनातल्या मनात मिळवा. चारपैकी चार जण खूश असले तर हिशेब सहापैकी पाच, म्हणजे ८३ टक्के. शंभरपैकी ९२ खूश असले तर १०२ पैकी ९३, म्हणजे ९१ टक्के. चार जणांच्या शंभर टक्क्यांपेक्षा शंभर जणांचे ९२ टक्के भक्कम.

विकत घेतलेल्या रिव्ह्यूंचा बाजार वेगळाच. पाच स्टार द्या, वस्तूचे पैसे परत घ्या, असे सौदे समाजमाध्यमांवरच्या गटांत चालतात. ॲमेझॉनवरच्या अशा वस्तूंचा माग काढला तेव्हा दिसलं, की रिव्ह्यूंची खरेदी थांबली की रेटिंग घसरतं आणि एक स्टारवाले वाढतात, म्हणजे फसलेले ग्राहक बोलू लागतात. भारतीय मानक ब्यूरोनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक ठेवलं. ते सक्तीचं व्हायला हवं होतं. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

खोटा रिव्ह्यू ओळखण्यात माणूस कच्चा आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये शिकागोच्या हॉटेलांचे खरे आणि मुद्दाम लिहून घेतलेले खोटे रिव्ह्यू लोकांपुढं ठेवले, तर त्यांचे अंदाज नाणेफेकीच्या जेमतेम पुढं गेले. संगणकानं मात्र सुमारे ९० टक्के बरोबर ओळखले. खोट्यांत नवरा, सहल, 'अप्रतिम अनुभव' यांची रेलचेल होती. खऱ्यांत न्हाणीघर, खोलीचा लहानमोठेपणा, जागा, दर होते. त्यामुळं नुसतं "नाद खुळा, एकदा भेट द्याच" वाचून हॉटेल ठरवू नका. "कट वेगळा मागितला तर देतात, ब्रेड ताजा होता, गाडी लावायला जागा नाही, अकरानंतर रांग" असं लिहिणारा शोधा. तो बऱ्याचदा तीन-चार स्टारांत सापडतो.