एक जनुक काढलं, तिथेच खबऱ्या बसवला

मे २०२२ मध्ये बातमी आली: ‘कॅन्सर मारणारा विषाणू माणसाला टोचला’. फॉरवर्ड होता होता तिचं ‘कॅन्सरवर औषध सापडलं’ झालं. प्रत्यक्षात कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होप या संस्थेत घडवलेल्या सीएफ३३-एचएनआयएस या विषाणूची पहिल्या टप्प्यातली चाचणी तेव्हा सुरू झाली होती. नेहमीचे किमान दोन उपचार करूनही कॅन्सर आटोक्यात न आलेल्या रुग्णांवर.

हा विषाणू देवी रोगाच्या विषाणूच्या कुळातला. बहुतेक डीएनए विषाणू पेशीच्या केंद्रकात घुसून तिथली यंत्रणा वापरतात. हे कूळ बाहेर पेशीद्रवातच बिऱ्हाड मांडतं. त्यामुळे डीएनएच्या नकला काढायची बरीच अवजारं त्याला घरूनच आणावी लागतात. त्यातलं एक म्हणजे थायमिडिन कायनेज हे एन्झाइम. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ‘टी’ तयार करायचं, तर थायमिडिनच्या रेणूला फॉस्फेट जोडावा लागतो. ते काम याचं. आपल्या पेशींकडेही हे एन्झाइम असतं, पण डीएनए दुप्पट करायच्या वेळेपुरतंच. काम झालं की पेशी ते मोडून टाकते. आता विषाणूचं हे जनुकच निकामी केलं, तर निवांत पेशीत ‘टी’अभावी त्याची उपासमार होते. कॅन्सरच्या पेशी मात्र सतत विभागत असतात. तिथे एन्झाइम आयतं मिळतं, विषाणू फोफावतो आणि पेशी फुटते. फुटलेल्या पेशीतून सांडलेली प्रथिनं मग प्रतिकारशक्तीलाही जागं करतात, निदान तशी अपेक्षा असते.

पण आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जाही सतत विभागतात. म्हणजे ही निवड शंभर टक्के नाही. सुरक्षितता आधी तपासायची ती म्हणूनच.

काढलेल्या जनुकाच्या जागी आयोडीन आत ओढणाऱ्या प्रथिनाचं मानवी जनुक बसवलंय, जे थायरॉइडमध्ये कामाला असतं. किरणोत्सारी आयोडीन किंवा हेच प्रथिन आत ओढतं ते टेक्नेशियम (आणखी एक किरणोत्सारी मूलद्रव्य) दिलं की विषाणू जिथे वाढतोय ती गाठ स्कॅनवर उजळते. अडचण एवढीच, की थायरॉइड, लाळग्रंथी आणि जठर मुळातच उजळतात. त्यांच्या शेजारची गाठ ओळखणं जिकिरीचं.

पहिल्या टप्प्याचा हिशेब साधारण असा असतो: एका मात्रेवर तीन रुग्ण. कुणालाच गंभीर त्रास नाही, तर पुढच्या तिघांना मोठी मात्रा. एकाला झाला, तर त्याच मात्रेवर आणखी तीन. दोघांना झाला, की ती मात्रा बाद. म्हणजे सुरुवातीचे रुग्ण मुद्दाम सर्वांत छोटी मात्रा घेतात. ‘गाठ विरघळली का?’ हा इथला मुख्य प्रश्नच नव्हे.

अशा औषधाला मान्यता मिळाल्याचं उदाहरणही आहे: मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत २०१५ मध्ये आलेलं टी-व्हेक, बदललेला नागिणीच्या भाऊबंदांतला हर्पिस विषाणू. ४३६ जणांच्या चाचणीत सहा महिने टिकणारा प्रतिसाद १६.३ टक्क्यांत दिसला, तुलनेच्या गटात २.१ टक्क्यांत. चमत्कार नव्हे, पण काढ्याच्या जाहिरातींकडे इतकाही आकडा नसतो.

टी-व्हेक थेट गाठीत टोचतात. शिरेतून द्यायचा, तर वाटेत प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला रोखणारी रक्तातली प्रथिनं, गाठतात. देवीकुळातल्या विषाणूंबाबत तर पन्नाशीच्या पुढच्यांच्या दंडावरचा देवीच्या लसीचा जुना व्रणही हिशेबात धरावा लागतो, कारण त्या लसीची प्रतिपिंडं या विषाणूलाही ओळखू शकतात.