टॅमिफ्लू आणि ‘शेड्यूल एक्स’ची आठ वर्षे

फ्लूच्या विषाणूवर थेट काम करणारे अमांटाडीन हे औषध अमेरिकेत १९६६ मध्ये मान्य झाले. पण ते ‘ए’ प्रकारापुरतेच होते आणि २००६ पर्यंत बहुतेक विषाणू त्याला दाद देईनासे झाले. १९९९ मध्ये आलेल्या ओसेल्टामिविरने, म्हणजेच टॅमिफ्लूने, त्याची जागा घेतली.

ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि टॅमिफ्लूचे नाव कोल्हापुरातही घरोघरी पोहोचले. औषध मात्र सुरुवातीला सरकारी यंत्रणेकडेच होते. पुढच्याच महिन्यात दुकानांतून विक्रीला परवानगी मिळाली ती औषध नियमांतील ‘शेड्यूल एक्स’ या कडक यादीखाली: दुकानाला स्वतंत्र परवाना, साठा कुलूपबंद, डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत आणि त्यांपैकी एक दुकानदाराने दोन वर्षे जपून ठेवायची. साहजिकच मोजक्याच दुकानदारांनी हा खटाटोप केला.

औषध सरसकट घेतले गेले तर विषाणू त्यालाही सरावतील, ही त्यामागची भीती होती. ती निराधार नव्हती, पण अपुरी होती. कारण त्याआधीच्या, २००७-०८ च्या हंगामात ओसेल्टामिविरला न जुमानणारा एच१एन१ (स्वाइन फ्लूचा नव्हे, नेहमीच्या हंगामी फ्लूचा विषाणू) ठळकपणे आढळला तो नॉर्वेत, जिथे हे औषध फारसे वापरलेच जात नव्हते. दुसरीकडे, नवे विषाणू पेशीतून सुटू न देणे हेच या औषधाचे काम असल्याने ते पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तरच पुरेसे उपयोगी पडते. सरकारी रुग्णालयात ते मोफत होते हे खरे. परंतु ऐन पावसाळ्यात चंदगड किंवा गगनबावड्यातला माणूस ताप आल्यावर आधी गावातल्या डॉक्टरकडेच जातो, आणि तिथून चिठ्ठी घेऊन परवानाधारक दुकान शोधण्यात हे दोन दिवस सहज संपू शकतात. नियम ठरवताना या अंतराचा विचार व्हायला हवा होता.

२०१४ मध्ये या औषधाच्या चाचण्यांच्या सविस्तर फेरआढाव्यात प्रौढांचा आजार सात दिवसांवरून सरासरी ६.३ दिवसांवर येतो, एवढाच लाभ दिसला आणि औषधाच्या मोठ्या सरकारी साठ्यांवर जगभर वाद झाला. तरीही गंभीर रुग्णांसाठी त्याचा वापर सुरूच राहिला. अखेर २०१७ मध्ये ते ‘शेड्यूल एच-वन’ या तुलनेने सैल यादीत आले: चिठ्ठी आजही लागते, विक्रीची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये तीन वर्षे ठेवावी लागते, पण विशेष परवान्याची अट गेली. सौम्य तापाला हे औषध द्यायचे नाही, मात्र गर्भवती, वृद्ध आणि मधुमेहींच्या बाबतीत तपासणीच्या अहवालासाठी थांबायचे नाही, ही उपचारांची दिशा दोन्ही काळांत तीच राहिली.