ऑफलाइन चालते काय? एका प्रश्नाची पार्श्वभूमी

हरभऱ्याला घाटे धरले की आमच्याकडे जागल सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत वावर लोळवून टाकतो, म्हणून घरातली दोन पोरं माळ्यावर झोपायला जातात. सोबत टॉर्च, दोन सुतळी बॉम्ब, चादरी आणि फोन. वावरात रेंज नसते. त्यामुळे संध्याकाळी पानठेल्यापाशी फोनमध्ये गेम भरून घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ऑफलाइन चालते काय?" दुसरा त्याच्या पाठोपाठ : "दोघं खेळू शकते काय?"

दोन्हींचं उत्तर 'हो' असलेले गेम आता शोधावे लागतात. पूर्वी ते शोधावे लागत नव्हते. आजकालच्या गेममध्ये काय काय उरलं नाही, याची यादी जगभरचे खेळाडू करतच असतात. चीट कोड गेले, डब्यातली माहितीपुस्तिका गेली, फुकटचा डेमो गेला, खेळून मिळणारे पोशाख दुकानात जाऊन बसले. ती यादी सगळ्यांना पाठ आहे. इथे माग काढायचा तो एकाच सोयीचा : एका जागी बसून, इंटरनेटशिवाय, दोघा-चौघांनी मिळून खेळण्याची सोय.

फार जुन्या काळात शिरायची गरज नाही. 1972 चा 'पाँग' दोघांनीच खेळायचा होता, त्यात एकट्याची सोयच नव्हती. 1983 साली जपानात निघालेल्या ज्या यंत्राच्या नकला पुढे आपल्या बाजारात 'टीव्ही गेम' म्हणून विकल्या गेल्या, त्याला दोन रिमोट कायमचे जोडलेले होते. 1993 मध्ये 'डूम'नं चार संगणक एका तारेत गुंफले. 1997 च्या 'गोल्डनआय'नं एका टीव्हीचे चार तुकडे करून चौघांना एकाच पलंगावर बसवलं.

गावात हे पोचलं ते कापसाच्या पैशातून. दिवाळीच्या आसपास ज्याच्या घरी चुकारे झाले, त्याच्या घरी टीव्ही गेम आला, असा साधा हिशेब होता. कॅसेटवर 'नऊ लाख नव्व्याण्णव हजार' गेम लिहिलेले असायचे. आत मोजून पंधरा-वीस, बाकी तेच पुन्हा पुन्हा. त्यात 'कॉन्ट्रा' असला की बस. या गेमची तिसरी स्टेज धबधब्याची. दोघं वर चढत असताना एकानं घाई केली की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. या एका स्टेजवरून आमच्या ओसरीवर जितकी भांडणं झाली तितकी धुऱ्यावरून झाली नसतील. पण भांडायला दुसरा माणूस हाताच्या अंतरावर होता, हे त्या भांडणांचं वैशिष्ट्य. तेव्हा निम्मा दिवस भारनियमन असायचं. लाईट कोणत्या वेळी येणार ते पाहून रात्री दोनला उठून खेळलेली पोरं आज बापे झाली आहेत.

पुढचा टप्पा तालुक्याच्या गावचा नेट कॅफे. साधारण 2004 ते 2010 हा काळ मी स्वतः पाहिला आहे, त्यामुळे त्याबद्दल जरा जास्त बोललो तर चालवून घ्या. सहा संगणक, एक स्विच, मधोमध निळ्या तारांचं जाळं. पाटी 'इंटरनेट'ची, पण नेट बहुतेक वेळा बंद किंवा इतकं हळू की निकालाचं पान उघडायला अर्धा तास. तरी कॅफे भरलेला, कारण 'काउंटर स्ट्राइक'ला नेट लागत नव्हतं. संगणक एकमेकांशी तारेनं बोलत होते. हैदराबादेत किंवा सिंगापुरात काय चाललंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. यालाच पोरं 'लॅनवर खेळणं' म्हणायची. लॅन शब्दाचा पूर्ण अर्थ कुणालाच माहीत नव्हता. लॅन म्हणजे पलीकडच्या खुर्चीवरून शिव्या ऐकू येणं, एवढं सगळ्यांना कळत होतं.

आता ज्या निर्णयानं हे उलटं फिरलं, त्याकडे. गंमत म्हणजे तो ज्या गेमबद्दल होता तो आमच्या कॅफेत कुणी खेळतच नव्हतं.

1998 च्या 'स्टारक्राफ्ट' या युद्धगेममध्ये आज खोटी वाटेल अशी एक सोय होती. एकानं सीडी विकत घ्यायची आणि तिच्यावरून मित्रांच्या संगणकांवर फक्त एकत्र खेळण्यापुरती प्रत चढवायची, एका सीडीवर आठ जणांपर्यंत. ही परवानगी खुद्द कंपनीनंच दिलेली होती. एकाकडे बैलजोडी आणि आठ वावरं त्यावर नांगरली, असा हा व्यवहार. कोरियात त्या गेमची जी लाट आली ती नेट कॅफेंतून आली, आणि एकमेकांना जोडलेले संगणक हा त्या कॅफेंचा कणा होता.

त्याच कंपनीनं जून 2009 मध्ये जाहीर केलं की 'स्टारक्राफ्ट 2'मध्ये लॅन नसेल. शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राशी खेळायचं तरी दोघांनी कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे तिच्या दूरच्या संगणकावर, जायचं आणि तिथून एकमेकांपर्यंत परत यायचं. कारणं दोन सांगितली गेली. एक, चोरीच्या प्रती. दोन, सगळे एकाच जागी आले तर बरोबरीचा प्रतिस्पर्धी जुळवून देणं, क्रमवारी, मित्रयादी हे सगळं नीट करता येतं. खेळाडूंनी विरोधाच्या याचिका काढल्या, सह्या गोळा केल्या. जुलै 2010 मध्ये गेम लॅनशिवायच आला.

कंपनीची बाजू खोटी नव्हती, हे मान्य केलं पाहिजे. आमच्या कॅफेतल्या सहाही संगणकांवर विकत घेतलेली एकही प्रत नव्हती. मालकानं नागपूरहून आणलेली एक सीडी, आणि तिच्यावर पेनानं लिहिलेला नंबर. ज्याला दुकानात गेम मिळतच नाही आणि मिळाला तर दोन महिन्यांची मजुरी जाते, तो माणूस दुसरं काय करणार हा वेगळा प्रश्न. पण नुकसान कंपनीचं होत होतं यात वाद नाही.

वाद आहे तो पुढे काय झालं यावर. मोठ्या स्पर्धांत हजारो प्रेक्षकांसमोर, एकाच मंचावर समोरासमोर बसलेल्या दोन खेळाडूंचा सामना नेट तुटल्यामुळे मध्येच बंद पडायचा. मार्च 2013 मध्ये आलेल्या जोडभागात नोंदवलेल्या सामन्यातून पुन्हा त्याच क्षणापासून खेळ सुरू करायची सोय देण्यात आली. स्पर्धा भरवणाऱ्यांना ती फार उपयोगी पडली. विहिरीला झाकण घालून मग नळाची दुरुस्ती करणारा माणूस ठेवावा, तसं हे झालं.

आणि पायंडा पडला. ऑक्टोबर 2009 मध्ये दुसऱ्या एका बड्या युद्धगेमच्या संगणकावरील आवृत्तीतून खेळाडूंनी स्वतःचा सर्व्हर चालवण्याची सोय काढल्याचं जाहीर झालं. मे 2012 मध्ये 'डायब्लो 3' आला. तो एकट्यानं खेळायचा तरी नेट लागत होतं. पहिल्याच दिवशी सर्व्हर कोसळले आणि 'एरर 37' हा आकडा जगाला पाठ झाला. मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती सव्वा वर्षानंतरची. सप्टेंबर 2013 मध्ये हाच गेम टीव्हीला जोडायच्या यंत्रांवर आला, आणि तिथे तो नेटशिवाय चालत होता, वर चौघं एकाच पडद्यावर खेळू शकत होते. गेम तोच, कंपनी तीच. म्हणजे अडचण तंत्राची नव्हती.

'सिमसिटी'चंही तेच. मार्च 2013 मध्ये तो आला तेव्हा नेटशिवाय चालवायचा तर फार मोठं काम करावं लागेल असं सांगितलं गेलं. वर्षभरानं, मार्च 2014 मध्ये, नेटशिवायची सोय एका अपडेटमधून मिळाली.

या सगळ्या भानगडीत 'ऑफलाइन' हा शब्दच घोटाळ्यात सापडला. कॅफेच्या काळात त्याचा अर्थ सरळ होता : नेटची तार काढा, गेम चालतो. आज त्याच शब्दाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. काही गेम खरोखर कधीच नेट मागत नाहीत. काही पहिल्यांदा उघडताना एकदाच मागतात. 2004 च्या 'हाफ लाइफ 2'नं ही रीत रुळवली, तेव्हा डब्यातली सीडी विकत घेणाऱ्यालाही आधी कंपनीच्या दारात हजेरी लावावी लागली. काही गेम ठरावीक दिवसांनी हजेरी मागतात. 2013 मध्ये एका बड्या कंपनीनं आपल्या नव्या यंत्रासाठी दर 24 तासांनी हजेरीचा नियम जाहीर केला होता. लोक इतके खवळले की महिन्याभरात, यंत्र बाजारात येण्याआधीच, तो मागे घ्यावा लागला. चौथा प्रकार फोनवरचा. गेम नेटशिवाय उघडतो, एकटा माणूस यंत्राविरुद्ध खेळतो, त्याला 'ऑफलाइन मोड' म्हणतात. पण शेजारी बसलेल्या भावाशी खेळायचं बटण दाबलं की 'इंटरनेट तपासा' अशी पाटी येते.

जागलीच्या पोराला हवा असतो पाचवा प्रकार : नेट नाही, पण सोबत माणूस आहे. त्याला इंग्रजीत 'लोकल मल्टिप्लेअर' म्हणतात. आमच्याकडे त्याला नाव पडलं 'हॉटस्पॉटवर खेळणं', आणि ते 'मिनी मिलिशिया'मुळे पडलं. एकानं फोनचं हॉटस्पॉट लावायचं, बाकीच्यांनी जोडायचं, रिचार्ज संपलेला असला तरी चालतं. त्या गेमच्या जाहिरातीतच लिहिलेलं असायचं : नेटवर सहा जण, जवळच्या वायफायवर बारा. म्हणजे जवळ बसणाऱ्यांना दुप्पट जागा! एसटीच्या मागच्या सीटवर, वसतिगृहात, लग्नाच्या मांडवात हा गेम चालला तो या एका ओळीमुळे. 'माइनक्राफ्ट'मध्येही 2012 पासून आपलं जग लॅनवर उघडायचं सरळ बटण आहे. सोय देणं अशक्य झालंय असं कुठेच दिसत नाही.

पडद्याचे तुकडे करण्याचं प्रकरण मात्र थोडं निराळं, तिथे तंत्राची खरी अडचण आहे. दोघांसाठी दोन तुकडे म्हणजे तेच दृश्य यंत्राला दोन कोनांतून दोनदा काढावं लागतं. सेकंदाला 60 चित्रं द्यायची तर एका चित्रासाठी साधारण 17 मिलिसेकंद मिळतात, आणि त्यातच दुप्पट काम. 'हेलो' मालिकेनं 2015 मध्ये याच कारणानं विभागलेला पडदा सोडला. ओरड झाली. 2017 मध्ये ती मालिका बनवणाऱ्या गटाच्या प्रमुखांनी जाहीर शब्द दिला की यापुढे तो असेल. 2021 च्या गेममध्ये आपसातल्या सामन्यांसाठी तो होता, पण मोहिमेत, म्हणजे गेममधल्या कथेत, नव्हता, आणि सप्टेंबर 2022 मध्ये मोहिमेसाठीची ती सोय रद्द केल्याचं सांगण्यात आलं. 'बाल्डर्स गेट 3' एका कंपनीच्या स्वस्त यंत्रावर पडदा विभागून चालेना म्हणून त्या कंपनीच्या यंत्रांवर काही महिने उशिरा, डिसेंबर 2023 मध्ये, आला. तोही स्वस्त यंत्रापुरती सोय वगळून. एप्रिल 2025 च्या अपडेटमध्ये ती तिथेही देण्यात आली. दरम्यान फक्त दोघांनीच खेळायच्या 'इट टेक्स टू'नं 2021 चा वर्षातला सर्वोत्तम गेम म्हणून बक्षीस घेतलं. मागणी नाही, असं म्हणायची सोय त्यानंतर उरली नाही.

आपल्याकडे मात्र याच काळात वारं उलट दिशेनं वाहत होतं. सप्टेंबर 2016 नंतर नेट इतकं स्वस्त झालं की ते नसेल ही कल्पनाच गेम बनवणाऱ्यांच्या डोक्यातून गेली. 2018 मध्ये 'पबजी' फोनवर आला. ज्या गावात रेंजची एक दांडी मिळते तिथली पोरं पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर जाऊन बसू लागली. चौघं एकाच पायरीवर, एकाच टीममध्ये, पण गोळी लागल्याची बातमी कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरला वळसा घालून यायची. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारनं त्यावर बंदी घातली, तेव्हा गेम एका रात्रीत नाही पण काही आठवड्यांत साऱ्या फोनांवर निकामी झाला. जुलै 2021 मध्ये तो नव्या नावानं परतला, जुलै 2022 मध्ये पुन्हा दुकानातून गायब, मे 2023 मध्ये परत. बंदी योग्य की अयोग्य हा इथला विषय नाही. पण ओसरीवरची कॅसेट कुणाला दिल्लीतून बंद करता आली नसती.

बाहेरच्या देशांत याच मुद्द्यावर कायद्याची भाषा सुरू झाली आहे. 2014 च्या 'द क्रू' या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर मार्च 2024 अखेर बंद झाले, आणि पैसे देऊन घेतलेला गेम एकट्यानं चालवायलाही उघडेना. त्यातून युरोपात नागरिकांची याचिका उभी राहिली आणि जुलै 2025 मध्ये तिनं 10 लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. कॅलिफोर्नियात 2025 च्या सुरुवातीपासून नियम लागू झाला : फक्त परवाना देत असाल तर तसं स्पष्ट न सांगता 'विकत घ्या' म्हणता येणार नाही.

आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, पण त्याचा रोख पैशाच्या खेळांवर. त्यात ई-स्पोर्ट, सामाजिक खेळ आणि पैशाचे खेळ असे वेगळे कप्पे केले आहेत. गावात असले कप्पे नाहीत. तिथे 'पोट्टा ऑनलाइन गेम खेळते' याचा अर्थ अजून एकच, पोरगं रमीत पैसे घालवतंय. त्यामुळे घरात विचारणा झाली की पोरं छातीठोक सांगतात, "ऑफलाइन आहे बाबा." हा त्या बिचाऱ्या शब्दाचा सहावा अर्थ.

यंदा आमच्या माळ्यावर लुडो चालला. एकच फोन, चार रंग, हातोहात फिरवायचा. नवा गेम घ्यायचाच झाला तर पोरांनी आता एक पद्धत बसवली आहे. उतरवून घेतला की पानठेल्यावरच फोन विमान मोडवर टाकायचा, गेम बंद करून पुन्हा उघडायचा, दोघांचं बटण दाबून पाहायचं. चालला तर वावरात न्यायचा, नाही तर तिथल्या तिथे काढून टाकायचा.