वृद्धिसंप्रेरकाचे कूर्चाधारित जैवआमापन

मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या अग्रखंडातून स्रवणाऱ्या वृद्धिसंप्रेरकाची (ग्रोथ हॉर्मोनची) क्रियाशीलता प्राण्यांच्या कूर्चेवर (कार्टिलेजवर, म्हणजे हाडापेक्षा मऊ व लवचिक ऊतीवर) होणाऱ्या परिणामावरून मोजण्याच्या प्रयोगशालेय पद्धती. लांब हाडांची लांबी त्यांच्या टोकांजवळच्या कूर्चापट्टीत वाढते. पीयूषिका काढून टाकलेल्या कोवळ्या प्राण्यात ही पट्टी अरुंद होत जाते आणि बाहेरून संप्रेरक दिले की पुन्हा रुंदावते. या पद्धतींचा पाया हाच आहे. त्याआधी उंदरांच्या वजनवाढीवरून अंदाज बांधला जात असे, पण वजनात पाणी व चरबी यांचाही वाटा असल्याने तो ढोबळच राही.

नडगीच्या हाडाची चाचणी, म्हणजेच टिबिया चाचणी, ग्रीनस्पॅन, ली, सिम्प्सन आणि एव्हान्स यांनी १९४९ मध्ये कॅलिफोर्नियातून प्रसिद्ध केली. तीत सुमारे चार आठवडे वयाच्या पांढऱ्या उंदरांच्या माद्यांची पीयूषिका शस्त्रक्रियेने काढतात, साधारण दोन आठवडे थांबतात आणि मग चार दिवस रोज तपासावयाचा अर्क टोचतात. शेवटच्या टोचणीनंतर दुसऱ्या दिवशी नडगीचे वरचे टोक उभे चिरून सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवतात व प्रकाशात ठेवतात. कॅल्शियमयुक्त हाड काळपट होते, कूर्चा पांढरी राहते आणि त्या पांढऱ्या पट्ट्याची रुंदी सूक्ष्मदर्शकाखाली अनेक ठिकाणी मोजून सरासरी काढतात. रुंदी मात्रेच्या लॉगॅरिदमशी सरळ प्रमाणात वाढत असल्याने ज्ञात प्रमाणकाशी तुलना करता येते. काही मायक्रोग्रॅम संप्रेरकही यात ओळखता येते, मात्र ग्रंथीचा एखादा तुकडा चुकून मागे राहिला तर निष्कर्ष फसतो; शिवाय थायरॉक्सिनमुळे पट्टी रुंदावते, तर अधिवृक्क ग्रंथीला चेतवणारे संप्रेरक उलट दिशेने काम करते.

दुसरी पद्धत प्राण्याच्या शरीराबाहेर, काचपात्रात चालते. कूर्चेतील कॉन्ड्रॉइटिन सल्फेट हा घटक पदार्थ तयार होताना सल्फेट वापरले जाते. म्हणून किरणोत्सर्गी गंधक-३५ असलेले सल्फेट कूर्चेत किती सामावले जाते हे मोजतात. सेंट लुईस येथे सॅल्मन आणि डॉघाडे यांनी १९५७ मध्ये पीयूषिका काढलेल्या उंदरांच्या बरगड्यांची कूर्चा अशी वापरली, तेव्हा निष्कर्ष अनपेक्षित निघाला. निरोगी उंदराच्या रक्तद्रवाने सल्फेटचे ग्रहण वाढले, पीयूषिका नसलेल्या उंदराच्या रक्तद्रवाने ते फारसे वाढले नाही. आणि शुद्ध वृद्धिसंप्रेरक थेट पात्रात घातले तरी विशेष फरक पडला नाही. तेच संप्रेरक पीयूषिकाहीन उंदराला आधी टोचले, तर मात्र त्याचा रक्तद्रव प्रभावी ठरला. यावरून मध्यस्थ ‘सल्फेशन घटक’ मानण्यात आला. १९७२ मध्ये त्याला सोमॅटोमेडिन हे नाव मिळाले आणि पुढे तो इन्सुलिनसदृश वृद्धिघटक म्हणून ओळखला गेला. त्यामुळे ही चाचणी काटेकोर अर्थाने वृद्धिसंप्रेरकाची नव्हे, तर त्याच्या मध्यस्थाची आहे, हा भेद विसरल्यास आकड्यांचा अर्थ चुकतो.

पुढे कोंबडीच्या भ्रूणाच्या कटीभागातील कूर्चा आणि डुकराच्या बरगड्यांची कूर्चा वापरात आली. त्यांच्यासाठी उंदरांवर शस्त्रक्रिया करावी लागत नाही. काही प्रयोगशाळा सल्फेटबरोबर ट्रिटियमयुक्त (किरणोत्सर्गी हायड्रोजनयुक्त) थायमिडिन हा डीएनएचा घटक वापरून पेशीविभाजनही मोजत. मात्र रक्तद्रवातील अमिनो आम्ले आणि वाढरोधक द्रव्ये आकडा वरखाली करतात. कुपोषित व्यक्तीचे आकडे म्हणूनच जपून वाचावे लागतात.

लॅरॉन यांनी १९६६ मध्ये वर्णिलेल्या खुजेपणात या चाचणीचा उपयोग ठळक दिसला. अशा मुलांच्या रक्तात प्रतिकारमापनाने (प्रतिपिंडांच्या साहाय्याने मोजण्याच्या इम्युनोअॅसे पद्धतीने) वृद्धिसंप्रेरक भरपूर आढळे, पण सल्फेशन घटकाची क्रियाशीलता कमी असे व संप्रेरक टोचूनही ती वाढत नसे. दोष ग्रंथीत नसून संप्रेरकाला मिळणाऱ्या प्रतिसादात होता.

किरणोत्सर्गी प्रतिकारमापन रूढ झाल्यावर रुग्णतपासणीतून कूर्चाचाचण्या मागे पडल्या. संशोधनात मात्र त्यांचे स्थान टिकले. इसाकसन आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये पीयूषिकाहीन उंदराच्या एकाच नडगीच्या कूर्चापट्टीत वृद्धिसंप्रेरक टोचले, तेव्हा त्याच पायाची वाढ अधिक झाली. १९५७ च्या काचपात्रात निष्क्रिय वाटलेले संप्रेरक जिवंत कूर्चेवर थेट काम करू शकते, असे त्यातून दिसले. यकृतातील वृद्धिघटकाचे जनुक निकामी केलेले उंदीरही जवळपास नेहमीसारखेच वाढतात, हे १९९९ मध्ये आढळल्यावर कूर्चेत स्थानिक पातळीवर तयार होणाऱ्या घटकाचे महत्त्व अधिक वाढले.