खारा वारा किती वाजता आला?

मे महिन्याच्या मध्यावर, साधारण १५ तारखेला, मुंबईत भर दुपारी उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. सूर्य अगदी डोक्यावर आलेला असतो. शहर सर्वांत जास्त तापायला हवं ते खरं तर याच दिवसांत. पण सांताक्रूझच्या वेधशाळेतला उच्चांक आहे ४२.२ अंशांचा, आणि तो १४ एप्रिल १९५२ चा. मार्चमध्येसुद्धा तिथं ४१.७ अंश नोंदले गेलेत, २८ मार्च १९५६ रोजी. मे महिन्यात मात्र पारा बहुतेक दिवस ३३-३४ च्या आसपास घुटमळतो.

यामागे आहे वारा. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात, पण मुंबईचा अख्खा उन्हाळा त्यांच्यावर चालतो हे तेव्हा कुणी सांगत नाही. सकाळी जमीन तापली की तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची त्यामानाने थंड हवा आत शिरते. नेहमीच्या दिवशी हे दुपारच्या आधी किंवा बाराच्या सुमारास घडतं. जुहूला माडाच्या झावळ्या पूर्वेकडे कलायला लागल्या की समजावं, आज पारा आता फारसा चढायचा नाही.

मार्च-एप्रिलमध्ये हे गणित अधूनमधून बिघडतं. तेव्हा देशावरून पूर्वेचे कोरडे वारे वाहत असतात. घाटमाथ्यावरून कोकणात उतरताना ही हवा दाबली जाते आणि दाबली गेली की तापते: दर किलोमीटर उतारामागे जवळजवळ १० अंश. सहाशे मीटरचा घाट धरला तर आधीच तापलेली हवा आणखी सहा अंशांनी गरम होऊन ठाणे-मुंबईवर येते. तिच्या रेट्यापुढे खारा वारा समुद्रावरच अडून बसतो. तो दोन-अडीचला आत आला तर तोवर पारा ३८-३९ गाठून मोकळा झालेला असतो. किनारपट्टीवर उष्णतेची लाट जाहीर करायला कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असावं लागतं. मुंबईत ही अट पूर्ण होते ती जवळजवळ नेहमी अशाच दिवशी. मेपर्यंत पश्चिमेचे वारे पक्के बसतात, पूर्वेच्या हवेला शिरकाव मिळणं अवघड होतं आणि उच्चांकाची संधी हुकते.

मग मे महिना सुखाचा म्हणायचा का? छे! त्या वेळी अरबी समुद्राचं पाणीच ३० अंशांच्या घरात असतं. त्यावरून येणारा वारा पारा रोखतो खरा, पण बाष्प घेऊन येतो. घामाचं थेंबभर पाणी वाळतं तेव्हा ते अंगातली उष्णता घेऊन जातं. हवा आधीच बाष्पाने भरलेली असली की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. ३४ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर शरीराला जाणवणारी उष्णता चाळिशी ओलांडते. रात्रीही पारा २७-२८ च्या खाली यायला तयार नसतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावर झालेल्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ जणांचे बळी गेले, तेव्हाही नवी मुंबईतलं तापमान चाळिशीच्या आतच होतं. बातम्यांतलं ‘आजचं कमाल तापमान’ नागपूरसाठी ठीक आहे. मुंबईसाठी मला विचाराल तर रात्रीचं किमान तापमान आणि आर्द्रता हे दोन आकडे मोठ्या टायपात छापायला हवेत.

एवढं बाष्प हाताशी असताना वळीव का पडत नाही, हा पुढचा प्रश्न. खाऱ्या वाऱ्याचा थर असतो उथळ, काहीशे मीटर ते फार तर किलोमीटरभर. त्याच्यावर जमिनीकडून आलेली गरम, कोरडी हवा पातेल्यावरच्या झाकणासारखी बसलेली असते. खालची दमट हवा वर उसळायला बघते, पण वरची हवा तिच्यापेक्षा गरम असल्याने तिथेच अडते. ढग फुटकळच राहतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि माथ्यावर मात्र जमीन जास्त तापते, डोंगर हवेला वर ढकलतात आणि दुपारनंतर हा अडसर फुटतो. ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतात, गडगडाट सुरू होतो. म्हणून मे महिन्यातल्या संध्याकाळी कर्जतहून आलेल्या लोकलचे डबे बाहेरून ओले असतात आणि दादरच्या फलाटावर उभी असलेली माणसं घामाने.

मुंबईवर वादळ येतं ते वरच्या थरांतले वारे पूर्वेचे असले तर. डोंगराकडे तयार झालेले ढग मग समुद्राच्या दिशेने ढकलले जातात. १३ मे २०२४ च्या दुपारी हेच झालं. पण पावसाच्या आधी धूळ आली. अशा ढगातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत अर्धा वाटेतच वाळतो. त्याने हवा एकदम गार आणि जड होते, धाडकन खाली येते आणि जमिनीला आपटून चहूकडे पसरते. त्या झोताच्या तोंडाशी शहरातल्या बांधकामांची सगळी माती होती. आकाश तपकिरी झालं, विमानतळावरची वाहतूक तासभर थांबली, आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर अवाढव्य होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला. पाऊस किती मिलिमीटर पडला यावरून अशा वादळाचा अंदाज कधीच येत नाही. घात करतो तो पहिल्या पाच-दहा मिनिटांतला वारा.

कधी कधी वळवाचा आणि मोसमी पावसाचा सांधाच कळत नाही. २०२५ मध्ये मे महिनाभर गडगडाट चालू राहिला आणि २६ मे रोजी मान्सून मुंबईत दाखल झाल्याचं हवामान विभागाने जाहीर केलं. नेहमीची तारीख ११ जून. याआधीची सर्वांत लवकरची नोंद २९ मे १९५६ ची होती.

आता अंदाज वाचताना काय बघायचं? ‘विदर्भापासून कर्नाटकापर्यंत कमी दाबाचा पट्टा’ असं वाक्य दिसलं की घाटावर विजांची शक्यता वाढली असं धरावं. मुंबईचं तेवढ्यावरून ठरत नाही. तीन महिन्यांच्या अंदाजावरून लग्नाच्या मांडवाची तारीख काढू नये, त्यात सरासरीच्या वर की खाली एवढंच असतं. ‘उष्ण व दमट’ असा इशारा मात्र लाटेइतकाच मनावर घ्यावा. आणि वादळासाठी खरा उपयोगी पडतो तो तीन तासांपुरता दिला जाणारा तातडीचा अंदाज, सोबत कुलाबा आणि वेरावलीच्या रडारची चित्रं. त्यांत बदलापूरजवळचा लाल ठिपका दर चित्रागणिक पश्चिमेला सरकत असेल, तर गच्चीवरच्या कुरडया उचलायला तास-दीड तास मिळतो. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनाने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. आकडा दहाच्या आत आला की गच्चीवर अजिबात थांबू नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी परत वर जाऊ नये.