स्ट्रक्चरल हेल्थ मॉनिटरिंग: सेन्सर आणि सिग्नल विश्लेषणाच्या पद्धतींची तुलना

पूल, धरण, उंच इमारत अशा बांधकामावर कायमचे किंवा बराच काळ सेन्सर बसवून त्याच्या तब्येतीवर लक्ष ठेवणं म्हणजे स्ट्रक्चरल हेल्थ मॉनिटरिंग. इंजिनियरने वर्षा-दोन वर्षांनी हातोडी आणि टॉर्च घेऊन जाऊन बघणं म्हणजे इन्स्पेक्शन, ते वेगळं आणि तेही लागतंच. डेन्मार्कमधल्या रिटर यांनी १९९३ मध्ये या कामाच्या चार पायऱ्या सांगितल्या: नुकसान झालंय का, कुठे झालंय, किती झालंय आणि आता बांधकाम अजून किती टिकेल. पहिली पायरी बऱ्यापैकी जमते, चौथी अजूनही फार अवघड आहे.

कोणता सेन्सर चांगला हा प्रश्न लोक नेहमी विचारतात, पण आधी काय शोधायचंय ते ठरवावं लागतं. फॉइलचा स्ट्रेन गेज, म्हणजे स्ट्रेन (ताणाने लांबीत पडलेला फरक) मोजणारी चिकटपट्टी, स्वस्त आणि अचूक आहे, पण तो चिकटवलाय तेवढ्याच जागेचं सांगतो, तडा तिथून हातभर अंतरावर असला तर त्याला पत्ताही लागत नाही, शिवाय वर्षानुवर्षं उन्हापावसात त्याचं रीडिंग सरकत जातं. म्हणून धरणात आणि बांधकामाच्या पायात व्हायब्रेटिंग वायर गेज टाकतात, त्यात ताणलेल्या तारेच्या कंपनावरून स्ट्रेन कळतो, तो दीर्घकाळ टिकतो पण भरधाव ट्रकचा धक्का पकडायला मंद पडतो. फायबर ब्रॅग ग्रेटिंग म्हणजे काचतंतूत कोरलेल्या बारीक रेघा, त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी स्ट्रेनप्रमाणे सरकते. यात एकाच काचतंतूवर अनेक सेन्सर ओवता येतात आणि विजेचा किंवा चुंबकत्वाचा त्रास नाही, म्हणून रेल्वेच्या पुलावर ते सोयीचे. पण १५५० नॅनोमीटरच्या आसपास १ मायक्रोस्ट्रेनला (लांबीत दहा लाखांत एक भाग फरक) तरंगलांबी साधारण १.२ पिकोमीटर सरकते आणि १ अंश तापमानाला साधारण १० पिकोमीटर, म्हणजे शेजारी तापमान मोजणारी दुसरी ग्रेटिंग नसेल तर दुपारचं ऊनच तुम्हाला स्ट्रेन वाटेल.

कंपन मोजणारा अ‍ॅक्सेलरोमीटर उलट्या बाजूचा. माठ घेताना तो वाजवून बघतात तसं इथे पुलाचं कंपन ऐकलं जातं, ते सगळ्या पुलाचं असतं त्यामुळे मोजक्या सेन्सरवर भागतं, पण छोटा तडा त्यात विरून जातो. पुलाची फ्रिक्वेन्सी, म्हणजे तो सेकंदाला किती वेळा कंप पावतो, ती ताठपणाच्या वर्गमुळावर चालते, म्हणून पूर्ण पुलाचा ताठपणा १० टक्के घटला तरी फ्रिक्वेन्सी ५ टक्केच उतरते, आणि एका गर्डरमधल्या (आडव्या तुळईतल्या) तड्याने तर त्याहून कितीतरी कमी. अ‍ॅकॉस्टिक एमिशन मात्र तडा वाढत असताना किंवा प्रीस्ट्रेसची (काँक्रीट दाबून धरायला आत ताणून बसवलेली) तार तुटताना निघणारा बारीक आवाज, दहा-वीस हजारांपासून लाखो हर्ट्झपर्यंतचा, थेट पकडतं. अडचण एवढीच की जुना, शांत पडलेला तडा आवाज करत नाही आणि डेटा प्रचंड जमतो.

सिग्नलच्या बाजूला सगळ्यात सोपं एफएफटी, सिग्नलमध्ये कोणती फ्रिक्वेन्सी किती आहे त्याचा आलेख (स्पेक्ट्रम) काढायचा आणि त्यातली शिखरं बघायची. शेजारी-शेजारी दोन मोड (पुलाच्या कंपनाच्या वेगवेगळ्या तऱ्हा) असले की ते एकच दिसतात, तिथे सगळ्या सेन्सरचे स्पेक्ट्रम एकत्र घेऊन मोड वेगळे करणारं फ्रिक्वेन्सी डोमेन डिकॉम्पोझिशन बरं पडतं. स्टोकॅस्टिक सबस्पेस पद्धत, म्हणजे नोंदवलेल्या कंपनावरून पुलाचं गणिती मॉडेल बसवणं, त्याहून भक्कम, वारा आणि वाहनं यांच्या कंपनावरच चालते, वेगळा हातोडा मारावा लागत नाही, आणि मला विचाराल तर पुलासाठी सुरुवात इथूनच करावी. अचानक झालेला धक्का नेमका कधी झाला ते हवं असेल तर वेव्हलेट, म्हणजे सिग्नल छोट्या लहरींशी ताडून बघणारी पद्धत. १९९८ मधली हिल्बर्ट-हुआंग पद्धत सिग्नलचे साधे घटक सुटे करते, बदलत्या सिग्नलला छान, पण गोंगाटात हे घटक एकमेकांत मिसळतात.

पण या सगळ्या पद्धतींचा खरा वैरी म्हणजे तापमान, आणि ते स्वित्झर्लंडमधल्या झेड२४ पुलाने दाखवून दिलं. १४, ३० आणि १४ मीटरच्या गाळ्यांचा हा काँक्रीट पूल पाडायचाच होता, म्हणून १९९७-९८ मध्ये जवळपास वर्षभर त्याच्यावर सेन्सर ठेवले आणि शेवटी मुद्दाम एकेक नुकसान केलं, एक खांब खाली बसवला, प्रीस्ट्रेसच्या तारा कापल्या. त्याची पहिली फ्रिक्वेन्सी साधारण ४ हर्ट्झ. थंडीत तापमान शून्याखाली गेलं की वरचा डांबराचा थर कडक व्हायचा आणि फ्रिक्वेन्सी चढायची, नुसत्या ऋतूंनी झालेला हा फरक १० टक्क्यांच्या वर गेला, आणि खरं नुकसान केल्यावर उतरलेले काही टक्के त्यापुढे सहज झाकले गेले असते.

यावर उपाय दोन तऱ्हेचे: फ्रिक्वेन्सी आणि तापमान यांचं नातं मॉडेलमध्ये बसवायचं, नाहीतर प्रिन्सिपल कंपोनंट किंवा अर्थशास्त्रातून आलेल्या कोइंटिग्रेशनने, म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सी मिळून जे एकत्र वरखाली होतं ते शोधणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतींनी, तापमानाचा परिणाम तापमान न मोजताच गाळायचा. दुसरा मार्ग सोपा वाटतो, पण नुकसानही तापमानासारखंच वागलं तर तेही गाळलं जातं.

महाराष्ट्रातलं जुनं उदाहरण कोयनेचं. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात धरणाच्या गॅलरीतल्या यंत्राने हादरा नोंदवला, ती नोंद जगभर अभ्यासली गेली, पण तडे गेले ते वर, मागचा उतार बदलतो त्या उंचीला, आणि ते कळले प्रत्यक्ष पाहणीतूनच. आपल्याकडे बसवताना आणखी एक बघावं, मॉडेल शिकवायला पूर्ण वर्षाचा डेटा घ्यावा, कारण ओलं काँक्रीट जड होतं, त्याने फ्रिक्वेन्सी बदलते, आणि त्या डेटात पावसाळा सुटला असेल तर जुलैत खोटे अलार्म वाजू शकतात.